एकशे सत्तेचाळिसावी ओळ

रेइयो निवृत्त झाला त्या दिवशी
त्याने मला कॉफीचा मग दिला, आणि एक फाइल.
फाइलीत दोनशे बारा माणसं होती,
स्वल्पविरामांनी वेगळी केलेली.
एकही कधी जन्मलेलं नव्हतं.

कायानीच्या पेन्शन कचेरीत मी टेस्ट लिहिते, जावात.
काम इतकंच:
रात्री अडीचला, गावाचा बर्फ निपचित पडलेला असताना,
या माणसांना उठवायचं,
पेन्शन मागायला रांगेत उभं करायचं,
मिळते का, किती मिळते, ताडून बघायचं
आणि लगेच पुसून टाकायचं.
मागच्या टेस्टचं खरकटं पुढच्या ताटाला लागू नये.

त्यातला एक आहे उणे एक वर्षाचा.
एक एकोणतीस फेब्रुवारीचा, तीन वर्षं वाट बघणारा.
एकाचं आडनाव दोनशे छप्पन्न अक्षरी,
रकान्यात मावत नाही, म्हणून तर तो आहे.
आणि एक नुसताच नल.
शून्य नव्हे, रिकामाही नव्हे.
दार उघडावं
आणि पलीकडे खोलीच नसावी, तसा.

एकशे सत्तेचाळिसावी ओळ: हिल्या युर्योला,
पुइस्तोकातू, घर नऊ.
मला वाटलं, हीदेखील रेइयोनेच रचलेली.
नावातल्या ओवर दोन टिंबं आहेत,
ती वाटेत गळतात का, ते बघायला.

फेब्रुवारीत, उणे सत्तावीसमध्ये,
पायाने रेटायची घसरगाडी कचेरीच्या दाराशी टेकवून
ती आत आली.
नमद्याचे बूट, भुवयांवर दव गोठलेलं.
टेबलावर बिस्किटांचा डबा ठेवला.
डब्यात एकेचाळीस पत्रं, तारखेनुसार लावलेली.

«प्रिय नल, आपला अर्ज मिळाला.»
«आज आपण पासष्ट वर्षांच्या झालात.» हे तीनदा.
«आपला जन्म पुढील वर्षी होणार असल्याने
कृपया तदनंतर अर्ज करावा.»
आणि अगदी वरचं, ताजं:
«आपल्या निधनाची नोंद घेण्यात आली आहे.»

«याला मी उत्तर पाठवलं होतं,» ती म्हणाली,
«अजून आहे म्हणून.
तुमची पोच नाही आली.»

माझे कान तापले.
सेटिंगच्या फाइलीत एक ओळ,
त्या ओळीत टपालाचं बटण,
कित्येक वर्षं चालू राहिलेलं.

रेइयोला फोन लावला. तो तळ्यावर, बर्फाला भोक पाडून बसलेला.
वाऱ्यातून त्याचा आवाज तुटत तुटत आला:
«नावं सुचेनात गं, मार्केत्ता.
दोनशे अकरा रचली, एकावर अडलो.
शाळेत भूगोल शिकवायच्या त्या.
म्हटलं, आता कुठल्या असायला.»

फोन स्पीकरवर होता.
«रेइयो कार्पिनेन,» ती डब्याचं झाकण लावत म्हणाली,
«स्वीडनची राजधानी ऑस्लो.»
बर्फावरून बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.

मग मी ती ओळ काढली. फाइलच काढली.
आता एक क्लास माणसं घडवतो:
नाव दे, वय दे, घडव.
एकच सीड दिलं की रोज तीच माणसं,
त्याच क्रमाने, त्याच चुकांसकट,
कुणाच्या शेजारी न राहणारी,
कुणाला भूगोल न शिकवलेली.
सगळ्या टेस्ट हिरव्या.
टपालाचं बटण बंद, दोनदा तपासून.

मे महिन्यात तळं फुटलं. कचेरीत फोन आला.
«पत्रं थांबली.»
«हो,» मी म्हटलं, जरा ऐटीतच, «चूक दुरुस्त केली.»
ती गप्प. मागे कुठेतरी रेडिओवर हवामान चाललेलं.
«पण शेवटच्या पत्रात मी मेले होते.
तिथेच सोडणार का?»

त्या संध्याकाळी मी हाताने लिहिलं,
टिंबं दोन्ही नीट देऊन:
प्रिय हिल्या युर्योला,
अपेक्षित: हयात.
आढळलं: हयात.

तिकीट माझ्याच पैशांनी लावलं.
कचेरीच्या हिशोबात ते कुठे दाखवायचं,
कळेना.